ब्रेकमधील हवा घरी काढता येईल का?

प्रश्न : माझी मोटार 7 वर्षांची आहे. गेल्या महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि खाली अर्धा तास थांबल्यावर आपोआप ठीक झाले. ब्रेकची हवा घरी एकट्याने काढता येईल का, आणि त्यासाठी कोणते हत्यार घ्यावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष हवेपेक्षा जुन्या ब्रेक ऑइलचा वाटतो. हे ऑइल ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला ओलाव्याची ददात नसते. कोरे डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. घाटात सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल मऊ लागते. म्हणून नुसती हवा न काढता सगळे ऑइल बदलावे. (चढताना जो गिअर, उतरतानाही तोच, हा जुन्या ड्रायव्हरांचा शिरस्ता मात्र सोडू नये.)

हत्याराचे म्हणाल, तर महागड्या पंपाआधी पाना नीट घ्यावा. निपल (चाकाजवळचा, हवा व ऑइल बाहेर सोडणारा पोकळ स्क्रू) बहुधा 8, 10 किंवा 11 मिलिमीटरचे असते. त्याला साधा तोंडाचा पाना लावला की कडा झिजतात आणि मग ते गंजलेले निपल काढणे गॅरेजवाल्यालाही जड जाते. उद्यमनगरातून सहा कोनी रिंग पाना आणावा आणि आदल्या रात्री निपलवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. एकट्याने काम करायचे असल्यास एकमार्गी व्हॉल्व्हची नळी असलेली बाटली पुरते. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीतले बुडबुडे संपता संपत नाहीत.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्यावी, केवळ जॅकच्या भरवशावर चाक काढू नये. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा; आपल्याकडे बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात होते. निपल पाऊण फेरा सैल करून पेडल सावकाश दाबावे, मात्र पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. कारण जुन्या मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाचे) सील एरवी न पोहोचणाऱ्या गंजक्या भागावर गेले तर फाटते. दर पाच-सहा दाबांनंतर ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी पाहावी. ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटपर्यंत पोहोचू शकते, आणि ती काढायला अनेक गाड्यांत गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे, ते रंग उतरवते.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाऊ लागले आणि बाहेर कुठे गळती दिसली नाही, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरचा असतो. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.