केमोच्या मळमळीवर कोणता राग लावू?

"मॅडम, केमोच्या उलट्यांवर कोणता राग लावायचा? आणि गाण्याने फरक पडला तर गोळ्या बंद करू का?" जळगावला केमोसाठी येणाऱ्या पेशंटच्या घरचे हे मला वरचेवर विचारतात. गोळ्यांचं आधी सांगते: स्वतःहून बंद करायच्या नाहीत. उलटीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्यायचीच, गाणं तिच्या जोडीला. रागाचं मात्र अमळनेरकडच्या एका मावशींवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशींना स्तनाचा कॅन्सर. सुरुवातीच्या केमोनंतर उलट्या झाल्या, त्या अपेक्षित होत्या. पण पुढे सलाईन लागायच्या आधीच त्रास सुरू झाला. रेल्वेने येताना पाळधी स्टेशन आलं की पोटात कालवायला लागायचं. "दवाखानाना वास याद उना तरी पोट ढवळस, माय," त्या म्हणाल्या. घरच्यांना वाटलं, नुसते मनाचे खेळ. तसं नसतं. एकदा त्रास झाला की मेंदू त्या वासाशी, खुर्चीशी, रस्त्याशी मळमळीची गाठ बांधून ठेवतो. पुढच्या खेपेला नुसती चाहूल लागली तरी शरीर उलटीच्या तयारीला लागतं. हे डॉक्टरांना मोकळेपणी सांगायला हवं. मावशींनी सांगितलं, आणि त्यांची औषधं बदलून मिळाली.

मुलगा मनापासून धडपडत होता. 'कॅन्सरवरचे राग' मोबाइलवर शोधून आईच्या उशाशी तासन् तास लावायचा. त्या बिचाऱ्या त्याचं मन मोडू नये म्हणून ऐकायच्या. कोणत्याही रागाने कॅन्सर बरा होत नाही, आणि अमुक दुखण्याला तमुक राग अशी यादी हाती आली तर तिच्यावर विसंबू नका. कॉक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या 2021 च्या आढाव्यात 81 अभ्यास एकत्र तपासले, साडेपाच हजारांहून जास्त रुग्णांचे. मोठ्या माणसांची चिंता, वेदना आणि थकवा संगीताने कमी होऊ शकतो, असं त्यात दिसलं. त्यातला बराचसा पुरावा अजून कच्चा आहे, हेही तिथेच नोंदवलंय. माझ्या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: गाणं पेशंटच्या आवडीचं हवं, घरच्यांच्या नव्हे.

म्हणून मावशींना विचारलं, माहेरी काय गायचात? बराच वेळ गप्प राहिल्या. मग आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके आठवले, गौराईची गाणी आठवली. लगेच म्हणाल्या, "आते काय गानं म्हनू? लोके काय म्हनतीन?" खरी अडचण इथे होती. घरात एवढं दुखणं आणि बाई गाते, हे बरं दिसत नाही ना! सूनच पुढे झाली. "आत्या, मला शिकवा की. पुढच्या आखाजीला मी कोणाला विचारू?" शिकवायचं म्हटल्यावर मावशींचा संकोच गळाला.

मग आम्ही बसून सराव केला. घाबरलेल्या माणसाला एकदम संथ गाणं मानवत नाही. म्हणून आधी झोक्याच्या चढत्या लयीत, मांडीवर हाताने ठेका धरून. मग ठेका हळूहळू उतरवायचा. ओळ संपली की श्वास लांब सोडायचा, घाई करायची नाही. सासू-सुना धरणगावपासून जळगावपर्यंत हलक्या आवाजात हेच करायच्या. दवाखान्यात मात्र आखाजीची गाणी बंद, तिथे इअरफोनवर साधी बासरी. सलाईन चालू असताना उलटी झाली तर मळमळीची गाठ त्या गाण्याशीही बसू शकते, आणि माहेरचं गाणं असं नासू द्यायचं नव्हतं.

पाळधीची मळमळ पूर्ण गेली नाही. एका फेरीत तर त्यांना गाडीतच उलटी झाली. पण आदल्या रात्रीची धास्ती ओसरली, झोप लागायला लागली, आणि "आता केमो नको" हे बोलणं थांबलं. बदललेल्या गोळ्यांचा वाटा किती आणि गाण्याचा किती, ते मी वेगळं काढून सांगू शकत नाही. केमोने बोटांना येणाऱ्या मुंग्यांवर गाण्याचा काही उपाय चालला नाही. त्या डॉक्टरांनाच दाखवल्या.

तोंड आलं असेल तर गाऊ नका, ओठ मिटून नुसतं गुणगुणा. पेशंटला शांतता हवी असेल तर स्पीकर बंद ठेवा. आणि केमोनंतर ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असो की दिवस, आधी दवाखान्यात फोन करा.