रस्ते झाडण्याचा ठेका : द्यावा का, आणि दिला तर कसा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : कायम सफाई कामगार निवृत्त होत जातात, जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी महापालिकेने झाडलोटीचे सगळे काम खासगी ठेकेदाराला देऊन टाकावे का? त्यात पैसेही वाचतात असे ऐकतो.
*(विश्रामबाग, सांगली)*

उत्तर : पैसे कुठून वाचतात ते आधी पाहू. झाडलोटीत खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा. खराटा, घमेले, फावडे, ढकलगाडी यांचा खर्च त्यामानाने किरकोळ. ठेकेदार काही स्वस्त माणसे तयार करत नाही. वेतन आयोगाप्रमाणे मिळणारा कायम कामगाराचा पगार आणि किमान वेतन यांतला फरक हीच काय ती बचत. किमान वेतनाच्या खाली कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे त्या पातळीनंतर वाचवायला काही उरत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी महिन्याचे किमान वेतन १५,००० रुपये धरू. (प्रत्यक्षात ते परिमंडळाप्रमाणे ठरते आणि विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैला बदलतो.) त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. बेरीज १८,६८८. रस्ता आठवड्याचे सातही दिवस झाडायचा आणि माणसाला एक दिवस सुटी द्यायची, तर सहा जागांमागे सात माणसे लागतात. म्हणून एका जागेचा खरा खर्च २१,८०३ रुपये. ग्रॅच्युइटी, गणवेश, गमबूट, हातमोजे, अवजारे, मुकादम आणि ठेकेदाराचा नफा अजून यात धरलेलाच नाही.

एखाद्याने याच कामाला जागेमागे १७,००० रुपये दर भरला, तर उरलेले पैसे तीनच मार्गांनी निघू शकतात : पीएफ भरायचा नाही, बदली माणूस ठेवायचा नाही, किंवा कागदावर शंभर दाखवून रस्त्यावर सत्तर आणायचे. म्हणून निविदा काढण्यापूर्वी महापालिकेने हा हिशेब स्वतः मांडावा, तो निविदेतच छापावा आणि त्याच्या खालचा दर तांत्रिक तपासणीतच बाद करावा. सगळ्यांत कमी दर तो मंजूर, हा नियम खडी-सिमेंटच्या खरेदीला चालतो. मजुरीच्या कामात तो मजुराच्या ताटातलेच काढून घेतो.

दुसरा मुद्दा ठेक्याच्या प्रकाराचा. ‘२०० माणसे पुरवा’ हा झाला मनुष्यबळाचा ठेका. ‘अमुक रस्ते सकाळी साडेआठपर्यंत स्वच्छ हवेत’ हा झाला कामाचा ठेका. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, आत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात हजेरी महापालिकेचा मुकादम घेतो, काम तोच सांगतो, झाडूही कधी कधी महापालिकाच देते. ठेकेदार फक्त मध्ये बसून बिल काढतो. अशा कराराला न्यायालये दिखाऊ ठरवतात. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतील २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला. म्हणजे दहा-पंधरा वर्षे ठेक्यावर खर्च करून शेवटी जबाबदारी पालिकेवरच येते.

आमचे स्पष्ट मत असे : पेठांमधली, गल्लीबोळांतली हाताने करायची झाडलोट महापालिकेने स्वतःच्या माणसांकडे ठेवावी आणि त्या जागा भराव्यात. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांची यांत्रिक सफाई आणि कचऱ्याची वाहतूक ही कामे ठेक्याने द्यायला हरकत नाही. तिथे ठेकेदार यंत्र, डिझेल आणि चालक आणतो, आणि काम मोजता येते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ठेक्यातल्या कामगाराच्या घराला हा आधार नसतो. पेठांचे काम ठेक्यावर टाकताना हेही तागडीत घालायला हवे.

प्रश्न : एका कामगाराने दिवसात किती रस्ता झाडावा, याचे काही प्रमाण आहे का? शहराला किती माणसे लागतात हे ठरवतात कसे?
*(गणपती पेठ, सांगली)*

उत्तर : केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००० सालच्या घनकचरा व्यवस्थापन पुस्तिकेत प्रमाण दिले आहे. दाट वस्तीत एका कामगारामागे २५० ते ३५० मीटर, मध्यम वस्तीत ४०० ते ६००, विरळ वस्तीत ६५० ते ७५० मीटर रस्ता. गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड पहिल्या गटात धरावेत. दाट वस्तीतले रस्ते ३० किलोमीटर भरले आणि प्रत्येकी ३०० मीटर धरले, तर रोज १०० माणसे हवीत. साप्ताहिक सुटी धरून ११७, आजारपण-रजा धरून १२३ ते १२५. अंदाजपत्रकात शंभरच मंजूर झाली, तर रोज सुमारे वीस बीट (एका कामगाराला नेमून दिलेला रस्त्याचा तुकडा) बेवारस राहणार हे पहिल्याच दिवशी ठरून जाते.

घाऊक बाजारात आणखी एक गोष्ट. तिथे सकाळी झाडले की अकरापर्यंत पोती उतरतात, सुतळी, भुसा, पुठ्ठे पुन्हा रस्त्यावर. अशा भागाला दुकाने बंद झाल्यावरची दुसरी पाळी लागतेच. ती वेगळी मोजा.

प्रश्न : रस्ता झाडणारी यंत्रे आली की प्रश्न सुटेल का?
*(मिरज)*

उत्तर : काही रस्त्यांवर सुटेल. यंत्राला सलग डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग, बांधीव कड आणि कडेला मोकळी जागा लागते. डांबराला लागूनच मातीची साइडपट्टी असेल, तर यंत्र ती मातीच ओढत बसते. दुसऱ्या दिवशी वाहने तेवढीच माती परत आणतात. आधी कड बांधा, मग यंत्र आणा. कडेला गाडी उभी असेल तर यंत्र तिला वळसा घालते आणि गाडीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त पट्टी तशीच राहते. म्हणून हे काम रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत करावे. पावसाळ्यात ओली माती शोषणनळीत चिकटते, यंत्र उभे राहते. त्या महिन्यांचे ठरीव भाडे द्यायचे की नाही, हे करारातच लिहून ठेवावे.

खरी मेख बिलात असते. दुभाजक असलेला एक किलोमीटर रस्ता म्हणजे डावी कड, उजवी कड आणि दुभाजकाच्या दोन बाजू, एकूण चार किलोमीटर कड. निविदेत नुसते ‘किलोमीटर’ लिहिले, की ठेकेदार एका कडेने फिरून पूर्ण बिल मागतो, किंवा पालिकेला चौपट बिल अचानक समोर दिसते. ‘कडेचे किलोमीटर’ असेच लिहावे आणि नकाशा जोडावा.

जीपीएसवर विसंबू नये. गाडी फिरली एवढेच ते सांगते, ब्रश खाली होता की वर ते सांगत नाही. ब्रशच्या मोटरचा संवेदक त्याच नोंदीला जोडून घ्यावा आणि सफाई करतानाचा कमाल वेग करारात ठरवावा. यंत्र ताशी वीसने पळाले तर कचरा मागेच राहतो. बिल वजनावर दिले तर हॉपरमध्ये (यंत्राच्या कचरापेटीत) खडी-माती भरून काट्यावर आणण्याचा मोह होतो. म्हणून पैसे कडेच्या किलोमीटरवर द्यावेत, वजन फक्त पडताळणीला ठेवावे. ब्रश झिजले की कडेची माती उचलली जात नाही. ब्रश किती तासांनी बदलायचे तेही करारात हवे, नाहीतर ते शेवटच्या काडीपर्यंत वापरले जातात.

प्रश्न : झाडलेले ढीग दुपारपर्यंत तिथेच का पडून असतात?
*(सातारा)*

उत्तर : झाडणारा एक, उचलणारा दुसरा, आणि दोघांचे साहेब वेगळे. झाडणाऱ्याचे काम ढीग लावल्यावर संपते, उचलणाऱ्याच्या गाडीची फेरी अकराची. मधल्या वेळात वारा, कुत्री आणि वाहने ढीग पसरवतात. काही वेळा झाडणाराच तो गटारात लोटतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबते. सातारच्या चढउताराच्या रस्त्यांवर वरच्या आळीतला कचरा पाण्याबरोबर खालच्या चौकात येतो, म्हणून तिथे ही चूक जास्त महागात पडते. झाडणे आणि उचलणे एकाच करारात, एकाच मुकादमाखाली ठेवावे, किंवा दोन्हींमध्ये जास्तीत जास्त दोन तासांचे अंतर बांधून द्यावे. पालापाचोळा पेटवून मोकळे होणे हा उपाय नव्हे. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. ठेकेदारही त्यातून सुटत नाही.

प्रश्न : मी ठेकेदाराकडे झाडू कामाला आहे. पगार कधी दहाला, कधी पंचविसाला. पीएफ कापतात म्हणे, पावती नाही. साहेबांना विचारले तर ‘ठेकेदाराला विचार’ म्हणतात. कुठे जाऊ? (नाव, गाव छापू नये.)

उत्तर : ताई, ‘ठेकेदाराला विचार’ एवढे सांगून साहेबांना मोकळे होता येत नाही. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या पालिकेने ती द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. नव्या कामगार संहितेतही ती ठेवली आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. पीएफ आणि ईएसआयचा भरणा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत.

आता काय करायचे ते सांगतो. तुमचा यूएएन क्रमांक (पीएफ खात्याचा कायम क्रमांक) मागून घ्या आणि घरातल्या कोणाकडून तरी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडून घ्या. पगारातून कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल, तर ती भरलेली नाही असे समजा. बँकेचे पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवा. ही छोटी गोष्ट नाही. खात्यात पूर्ण पगार जमा दाखवायचा आणि ठेकेदाराच्या माणसाकडे ठेवलेल्या कार्डाने दोन-तीन हजार परत काढायचे, ही फसवणूक नेहमीची आहे. एका वहीत रोजची तारीख, बीट आणि कामाची वेळ लिहा. हजेरीपटाचा फोटो मिळाला तर घ्या. मग आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावे अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, आणि एक प्रत सहायक कामगार आयुक्तांना द्या. पीएफची तक्रार ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर वेगळी करावी लागते. झाडू, गणवेश किंवा गमबूट यांचे पैसे पगारातून कापले असतील तर तेही अर्जात लिहा. पाच-दहा जणींनी मिळून सह्या केल्या तर एकटीवर रोख येत नाही.

प्रश्न : महापूर आला तर ठेकेदार काय कामाचा?
*(गावभाग, सांगली)*

उत्तर : करारात पूर नसेल तर काही कामाचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेठांत गाळ साचला तेव्हा बाहेरच्या महापालिकांची पथके मदतीला बोलवावी लागली. रोजच्या झाडलोटीचा दर गाळाला लागू होत नाही. म्हणून जेसीबीचा तासाचा दर, डंपरच्या खेपेचा दर, पाण्याच्या टँकरचा दर आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला हे सगळे आधीच ठरवून करारात जोडावे. त्या आठवड्यात निविदा काढायला कोणाला वेळ नसतो, आणि तेव्हा सांगितलेला भाव मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते.

गाळाचे काम पाणी ओसरतानाच सुरू करावे. पाणी घोटाभर असताना ढकललेला गाळ त्या पाण्याबरोबर निघतो. दोन दिवस ऊन लागले की तोच फावड्याला दाद देत नाही. गाळ गटारात लोटू नये, उचलूनच न्यावा. कामगारांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि लेप्टोच्या (पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काम सुरू होण्यापूर्वीच द्याव्यात. ही सोय ठेक्यातल्या आणि कायम, दोन्ही कामगारांना सारखीच असावी.

प्रश्न : ठेका नीट चालला आहे की नाही, हे सामान्य नागरिकाने कसे तपासावे?
*(कराड)*

उत्तर : रस्त्याच्या मध्यावर पाहू नका, तो वाहनांच्या चाकांनी आपोआप साफ होतो. कडेची दोन फुटांची पट्टी पाहा. तिथे बोटाच्या पेराएवढी माती असेल, गवत उगवले असेल, गटाराच्या जाळीवर पाने चिकटून काळी पडली असतील, तर तिथे कित्येक दिवस खराटा फिरलेला नाही.

पालिकेनेही हीच पद्धत वापरावी. रोज सकाळी चिठ्ठी टाकून दहा ठिकाणे निवडायची, प्रत्येकी पन्नास मीटर पट्टी तपासायची, गुण द्यायचे आणि त्या सरासरीवर बिल कापायचे. ठिकाणे आदल्या दिवशी ठरली तर ती ठेकेदाराला कळतात आणि तेवढीच झाडली जातात.

कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. ‘ठेक्याची माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. कार्यादेश आणि करारनामा, बीटनिहाय रस्त्यांची लांबीसह यादी, गेल्या तीन महिन्यांची देयके, त्यांना जोडलेली पीएफ-ईएसआय चलने (भरणा केल्याच्या पावत्या) व त्यावरची कामगारसंख्या, आणि आकारलेला दंड, एवढे पाच विषय सुटे मागा. कामगारांची नावे मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो, संख्या मागितली तर सहसा अडत नाही. मग देयकातली माणसे आणि चलनातली माणसे शेजारी शेजारी मांडा. देयकात १२० आणि चलनात ८६ असतील, तर उरलेल्या ३४ जणांचे बिल कशाच्या आधारे मंजूर झाले, हे विचारणारा दुसरा अर्ज त्याच आठवड्यात द्या.