आईचे नऊच दात उरलेत आणि ती पेज-भातावर आलीय. राहिलेले दात काढून पूर्ण कवळी बसवावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही मुंबईत, आई गावी, वेंगुर्ल्याच्या बाजूला. वय ७४, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू. खाली पुढचे सहा दात, वर तीन. तिथल्या डॉक्टरांनी सगळे काढून वर-खाली कवळी सुचवली आहे. आई तयार नाही. खाणं पेज, भात आणि चहा-बटरवर आलंय, ब्लाउज ढगळ झालेत. आणि हे सगळं गणपतीच्या आत उरकावं असं तुम्हा भावंडांना वाटतंय.

मी दातांची डॉक्टर. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या गावात दवाखाना चालवते, आणि पेशंट बहुतेक तुमच्या आईच्याच वयाचे. सरळ सांगते, सगळे दात काढायची घाई करू नका. पण तिच्या ताटात मात्र याच आठवड्यात बदल करा. कवळी व्हायला काही महिने जातील, तोवर अंग असंच उतरत राहिलं तर मग कवळीही नीट बसणार नाही.

नऊ दात असूनही तिला चावता का येत नाही? कारण चावायला दात समोरासमोर लागतात. खालचे सहा पुढचे, वर तीन, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या जोड्या फार तर तीन, आणि त्याही पुढच्या. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, दळायला दाढा हव्यात. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ नावाची मोहीम चालू आहे, ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. वीसच का, तर साधारण तेवढे असले की माणूस कवळीशिवाय बहुतेक सगळं खाऊ शकतो. २०१६ च्या तिथल्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांचे तेवढे दात शाबूत निघाले. आपल्याकडे पन्नाशी ओलांडली की ‘आता वयच झालं’ म्हणून दात काढून मोकळं व्हायची पद्धत आहे, तिचा मला मनापासून राग येतो.

आता ते सहा दात. त्यांत दोन सुळे असतील. सुळ्याचं मूळ सगळ्यात लांब, हाडात घट्ट रुतलेलं. दात काढला की त्या जागचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, आणि खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा कितीतरी अधिक. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालचीला टाळू नाही, वर जीभ सारखी हलणारी, त्यामुळे ती तरंगते. कवळी लावून घेतलेल्या दहा जणांना विचारा, तक्रार खालच्याच कवळीची असते. सुळे बरे असतील तर ते ठेवून, त्यांची उंची कमी करून, त्यांच्यावर कवळी बसवता येते. हाड टिकतं, पकड मिळते आणि घास कुठे आहे याची जाणीवही बरीच राहते. सगळे दात गेल्यावर खाली दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यांवर कवळी अडकवणं हाही चांगला मार्ग आहे, साखर आटोक्यात असेल तर मधुमेहातही होतो. पण तो खर्च करण्याआधी देवाने दिलेले दोन खुंटे उपटायचे कशाला?

अर्थात दात हलत असतील, हिरडीतून पू येत असेल तर ते काढावेच लागतील. मी आईचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना चूक ठरवत नाही. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घ्या आणि त्यांनाच विचारा: खालचे सुळे ठेवता येतील का? नसतील तर का नाहीत? उत्तर पटलं नाही तर दुसऱ्याला दाखवा.

ताटाकडे वळते, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. तुम्ही लिहिलेला दिवस मी मनात मांडून पाहिला. सकाळी चहा आणि दोन बटर, दहाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याचा खार, दुपारी भात आणि माशाच्या कढीचा नुसता रस, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री भात-सोलकढी. पोट भरतं, म्हणून कोणाला काही वावगं वाटत नाही. पण यात प्रथिनं जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम होतात. म्हातारपणी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला रोज पन्नास-साठ. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.) कमी पडलेली प्रथिनं शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढून घेतं. आणि पेज-भात-बटर हा सगळा पिठूळ प्रकार साखरेलाही बरा नाही.

मिक्सरमध्ये सगळं फिरवून द्यायची गरज नाही. म्हातारी माणसं असलं गिळगिळीत दोन दिवस खातात आणि तिसऱ्या दिवशी ताट सारतात. आपल्या घरात मऊ आणि सकस पदार्थ कमी नाहीत. कुळथाची पिठी घ्या. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तीन भरगच्च चमचे पिठाची पिठी प्यायली की सहा-सात ग्रॅम झाली, आणि तिला दात लागतच नाहीत. भातात अंडं फेटून शिजवा किंवा मऊ भुर्जी करा, एका अंड्यात सहा ग्रॅम. नाचणीची आंबील पेजेच्या जागी आठवड्यातून तीन-चार दिवस द्या, कॅल्शियमसाठी तिच्यासारखं दुसरं धान्य नाही. साखर-गूळ न घालता, ताकातली. आंबोळी कढीत बुडवून, घावणे नारळाच्या रसाऐवजी डाळीच्या आमटीबरोबर. लाल माठ, शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरून, मूगडाळ घालून गाळ शिजवा. पपई, केळं, चिकू चालतात, साखर बघून. काकडी खावीशी वाटली तर किसून.

आणि मासे. ती रसच खाते, कारण तुकड्याची तिला भीती वाटते. शंभर ग्रॅम माशाच्या मांसात अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती आपण टोपातच ठेवतो! मोरी (लहान शार्क मासा) द्या, तिला बारीक काटे नसतात आणि शिजल्यावर बोटाने कुस्करते. सुरमईची मधली तुकडी मधला काटा काढून द्या. ओला बोंबील मऊ असतो खरा, पण त्यात पाणीच जास्त, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. तिसऱ्या (शिंपल्या) आणि मोठी कोळंबी रबरासारखी लागते, ती बारीक चिरूनच. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे ताजं मिळत नसेल तर सुका जवळा भाजून, मिक्सरला पूड करून डब्यात भरा आणि पिठीत, आमटीत चमचाभर टाका. खारवलेला बांगडा मात्र बीपीच्या माणसाला नको.

काट्यावर थोडं थांबते, कारण कवळीचं पुस्तक लिहिणारे बहुधा मासे खाणारे नसतात. वरची कवळी टाळू झाकते. आपण काटा जीभ टाळूला लावून ओळखतो. टाळू झाकला की ती खूणच जाते. माझ्याकडची एक आजी कवळी हातात घेऊनच आली होती. म्हणाली, “डॉक्टरानू, ही तोंडात असली की काटो खंय आसा ता कळणाच नाय. माका नको.” जन्मभर बांगडे-तारल्या खाल्लेल्या बाईला हे किती लागत असेल! तिचं बरोबरच होतं. नवी कवळी असताना पहिले दोन महिने तारली, बांगडा, मांदेली बंद, त्यानंतरही आधी बोटांनी काटे काढायचे, उजेडात, गप्पा न मारता. काटा अडकलाच तर सुक्या भाताचे गोळे किंवा केळं गिळायला लावू नका. काटा आणखी खोल रुततो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.

आता गणपती. दात काढल्यावर जखमा भरून हिरडी जरा स्थिरावायला दोन-तीन महिने जातात. त्याआधीच कवळी केली तर हाड झिजून ती पुढे सैल होते, मग आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. तशी तात्पुरती कवळी करता येते, पण ती ‘फोटोपुरती’ समजा. नव्या कवळीने खायला शिकायलाही दीड-दोन महिने लागतात: छोटे घास, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचं, सुरुवात मऊ भाताने. आणि सगळं नीट झालं तरी पूर्ण कवळीची चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच असते. म्हणून कवळी आली तरी ताटाचं वर सांगितलेलं चालूच ठेवायचं. नुसती कवळी बसवून लोकांचं खाणं सुधारत नाही. सवय पेजेचीच राहते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. आई मिश्री लावते का? फोनवर नको, समोर बसून, न रागावता विचारा. आपल्याकडे दात घासायच्या नावाने चालते, पण ती जळकी तंबाखूच. हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात आणि कॅन्सरचा धोका असतो. सुपारीचंही तेच. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर कवळीचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा. तोंड सतत कोरडं पडत असेल तर गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, बऱ्याच औषधांनी लाळ कमी होते. मनाने गोळी बंद करू नका. कोरड्या तोंडात आंबापोळी-फणसपोळी चघळली की उरलेल्या दातांची मुळं भराभर किडतात. वजन सहा महिन्यांत अडीच-तीन किलोंनी उतरलं असेल तर दातांवर खापर फोडून थांबू नका, फिजिशियनला दाखवा.

कवळी झालीच तर रात्री काढून पाण्यात ठेवायची, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवायची. टूथपेस्ट नको, तिने कवळीवर चरे पडतात. टोचली तर घरी कानसने घासू नका, आमच्याकडे आणा, दोन मिनिटांचं काम असतं.

खर्चाचं विचारलंत. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, तिथे खासगीपेक्षा खूप स्वस्तात होतं. आईचं नाव दारिद्र्यरेषेखाली असेल किंवा महिन्याचं उत्पन्न पंधरा हजारांच्या आत असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७ पासून चालू) चष्मा, काठी, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत मिळते. वाटप एलिम्को या कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरांतून होतं. पुढचं शिबीर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.