नेपोलियनच्या फ्रेंच पायदळाच्या छोट्या फिगर (सैनिकांच्या प्रतिकृती) रंगवताना छातीवरचे पांढरे पट्टे खडूसारखे दिसतात, काय चुकतंय?

निळ्या कोटावर थेट पांढरा मारला की तो झाकत नाही. मग आपण जाड थर देतो आणि वाळल्यावर दाणे दिसतात. २८ मिमी फिगरवर आधी फिकट राखाडी अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. पहिला पूर्ण वाळू द्या, नाहीतर दुसऱ्या हाताला तो उखडतो. त्यावर हस्तिदंती पांढरा, कडेला राखाडीची केसाएवढी रेघ सोडून. शुद्ध पांढरा फक्त खांद्यावरच्या उंचवट्याला. ब्रश घसरला तर पुसू नका, कोटाच्याच निळ्याने कड आत घ्या.

जाता जाता पोंपॉनचा, म्हणजे टोपीवरच्या गोंड्याचा, रंगही तपासा: १८१२ च्या गणवेशात फ्यूजिलियरच्या (साध्या पायदळ शिपायांच्या) चार कंपन्यांना अनुक्रमे गडद हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा, ग्रेनेडियरला (निवडक शिपायांच्या कंपनीला) लाल.