एडका निवडताना आधी लेंडी बघा

सिन्नरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: साठ दख्खनी मेंढ्या, घरामागच्या तीन एकरांतच चराई. पावसाळाभर दर महिन्याला अल्बेंडॅझोल हे जंताचं औषध पाजूनही जबड्याखाली पाणी उतरून आठ कोकरं गेली. शेजारच्या शेतात बसवलेल्या धनगरांच्या मेंढरांना मात्र काही झालं नाही. त्यांच्याकडचा एडका आणला तर तो गुण आपल्या कळपात उतरेल का?

उतरू शकतो. पण आधी त्या मेंढरांच्या तब्येतीचा हिशेब नीट लावा. त्यातला बराच भाग रक्तात नाही, पायांत आहे.

तुमची कोकरं मारणारा बहुधा हिमोंकस, म्हणजे पोटातला रक्त पिणारा जंत. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलि रक्त घेतो. हजार जंत असले की 50 मिलि, आणि दहा-बारा किलोच्या कोकराच्या अंगात रक्तच जेमतेम लिटरभर. या जंताची मादी रोज 5,000 ते 10,000 अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात आणि पावसाळी उबेत साधारण आठवडाभरात अळी तयार होऊन ओल्या पात्यावर चढून बसते. धनगरांचा वाडा दोन-चार रात्रींत उठतो. अळी पात्यावर चढेपर्यंत मेंढरं दोन गावं पुढे गेलेली असतात. तुमची मेंढी तोच बांध रोज चरते. त्यांचा एडका तुमच्या तीन एकरांत कोंडला तर पहिला पावसाळा त्यालाही जड जाईल.

रक्ताचा भाग उरतो, तोही खराच आहे. औषधाच्या बाटलीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या कळपात जे कोकरू पावसात खंगलं ते मेलं किंवा विकलं गेलं. त्याचा कधी एडका झाला नाही. कुणी त्याला निवड म्हटलं नाही, पण निवड झालीच. एकाच रानात चरणाऱ्या मेंढ्यांच्या लेंडीतल्या अंड्यांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण 20 ते 40 टक्के आनुवंशिक असतो. दुधाचंही जवळपास असंच आहे, आणि दुधासाठी आपण वळू निवडतोच की.

सुंदरबनची गारोल मेंढी यात नावाजलेली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ती आणली जुळ्यांच्या गुणासाठी, पण तिच्या संकरित कोकरांच्या लेंडीत दख्खनी आणि बन्नूर कोकरांपेक्षा अंडीही कमी निघाली. मात्र गारोल अंगानं लहान, त्यामुळे वजनात मार बसतो. केनियाची रेड मसाई मेंढी तिथल्या दमट किनारपट्टीवर डॉर्पर जातीच्या मेंढीपेक्षा सरस ठरली, कोरड्या भागात तेवढा फरक राहिला नाही. इगतपुरीच्या पावसात जो गुण पैसे देईल तो सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात तेवढे देईलच असं नाही, म्हणून वजन सोडून नुसत्या जंताच्या मागे लागू नका.

माझी चूक सांगतो. बाजारातून एक एडका आणला होता. उंच, काळाभोर, बाकदार नाकाचा. पोरांनी गळ्यात घुंगरू बांधलं. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यात आधी त्याचीच कोकरं बसायला लागली, आणि मी दोष दिला चाऱ्याला. नंतर घरचे पाच तरणे नर एकत्र चारले आणि त्यांच्या लेंड्या तपासून घेतल्या. त्याच घुंगरूवाल्याचा देखणा पोरगा ग्रॅमला 3,400 अंडी टाकत होता. मुडक्या कानाचा, ज्याला विकायचं ठरलं होतं, तो 250. महिन्यानं परत तपासलं तर आकडे हलले, पण क्रम तोच. देखणा विकला. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

तुम्हीही हेच करा. पाच-सहा महिन्यांचे नर, सगळे एकाच रानात, सहा आठवडे औषध बंद, ऑगस्ट-सप्टेंबरात महिन्याच्या अंतरानं दोनदा तपासणी. मधल्या काळात दर आठवड्याला पापणी खाली ओढून बघायची. आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर ठीक, पांढरट पडली तर चाचणी गेली खड्ड्यात, त्याला आधी औषध पाजा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: काही मेंढ्या पोटात जंत असूनही धडधाकट दिसतात, आणि रानात अंडी पसरवण्यात त्याच पुढे असतात. म्हणून नुसत्या तब्येतीवर एडका ठरवू नका.

दर महिन्याला सरसकट औषध पाजणं आजच थांबवा. त्यानं दोन नुकसानं होतात: औषधाला न मरणारे जंत तेवढे मागे राहतात, आणि कोणती मेंढी कच्ची हे कधी कळतच नाही. तुमचं अल्बेंडॅझोल चालतं का तेही बघा. पाजायच्या दिवशी आणि पुढे दोन आठवड्यांनी लेंडी तपासा. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर डॉक्टरांना दुसऱ्या गटातलं औषध विचारा. आणि अंदाजानं पाजू नका, वजन करा. कमी डोस पाजण्यानं आपण सगळ्यांनीच वाट लावली आहे. पापण्या पांढऱ्या पण लेंडीत हिमोंकसची अंडी नाहीत, आणि मेंढ्या धरणकाठी चरल्या असतील, तर लिव्हर फ्लूकचा, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताचा संशय घ्या. त्याचं औषध वेगळं.

धनगरबाबांकडून एडका घ्यायचाच असेल तर जूनमध्ये नको. पावसात चरून झाल्यावर, सप्टेंबरअखेर बघायला जा. त्याची आई दाखवा म्हणा, आणि तिला शेवटचं औषध कधी पाजलं ते विचारा. सांगतात ते, चहा घेऊन निवांत बसलात तर.

लेंडी जमिनीवरची उचलू नका, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढा. पिशवीतली हवा काढून वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर अंडी वाटेतच फुटतात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.