तुझ्या मैत्रिणीबद्दल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेसमध्ये स्टीलची ताटं आदळायला लागली की तुझी मैत्रीण अर्ध्या जेवणावरून उठते. दुकानदाराला फोन करायचा तर आधी वहीत वाक्यं लिहून काढते. चुलतबहिणीच्या लग्नातला डीजे ऐकून आली ती दोन दिवस खोलीत अंधार करून पडली. आणि परवा रात्री तिनंच तुला विचारलं, "मी स्वमग्न असेन का गं?"

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, लहानपणापासूनच माणसांत मिसळण्याची, आवाज-स्पर्श सोसण्याची रीत वेगळी असणं. प्रश्न तिनं विचारलाय, हे आधी ध्यानात ठेव. तू "हो, आहेसच" म्हणू नकोस. "छे, तू तर किती छान बोलतेस" असंही म्हणू नकोस. हे दुसरं वाक्य आपल्या तोंडून फार पटकन निघतं. आपण धीर द्यायला म्हणतो, तिला मात्र वाटतं की हिलाही पटलेलं नाही. "तुला असं कशामुळं वाटलं?" एवढं विचार आणि ऐकत बस. ती मध्येच गप्प झाली तर होऊ दे, घाई करू नकोस.

माझ्या वर्गात, सहावीला, एक पोरगी होती. सुट्टीत बाकीच्या लगोरी खेळायच्या आणि ही वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून एसटीचं वेळापत्रक म्हणायची. परळी, गंगाखेड, परभणी, गाड्यांच्या वेळांसकट. मी तिला सगळ्यांसमोर "शिष्ट" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती पोरींच्या घोळक्यात जाऊन उभी राहू लागली. त्या हसल्या की ही किंचित उशिरा हसायची. मला वाटलं, सुधारली. तिला नेमकं काय होतं हे मी आज सांगू शकत नाही, पण ती रोज शाळेत दुसऱ्यांची नक्कल करत होती आणि ती वेळ मी तिच्यावर आणली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलींचं असं झाकलं जातं. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 साली ज्या 11 स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यांत मुली तीनच होत्या. पुढं बराच काळ डॉक्टरांच्या मनात स्वमग्नतेचं चित्र मुलग्याचंच राहिलं. त्यात आपल्याकडं गप्प बसणारी पोरगी म्हणजे सालस, गरीब गाय. तिला काही त्रास होतो का, हे विचारतं कोण?

स्वमग्नतेच्या खुणा लहानपणापासून असाव्या लागतात. मात्र अंगावरचा भार वाढेपर्यंत त्या ठळक दिसतीलच असं नाही. गावच्या ओळखीच्या घरात निभावलं आणि होस्टेलच्या गजबजाटात सगळं फुटून बाहेर आलं, असं होऊ शकतं. म्हणून तिच्या लहानपणाकडं वळा. तिची तयारी असेल तर तिनं आईला एवढंच विचारावं, "मी लहानपणी कशी होते?" बोलायला कधी लागली, मिक्सरच्या आवाजाला रडायची का, कोणते कपडे अंगाला टोचायचे, कोणता खेळ तासन्‌तास एकटी खेळायची. जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरेही बघा. तिच्या परवानगीवाचून तू तिच्या घरी फोन करू नकोस, खोलीतल्या इतर मुलींनाही सांगू नकोस.

मोबाईलवरच्या चाचण्यांचं तू लिहिलंस. 50 प्रश्नांची एक चाचणी बरीच वापरली जाते, ती तिनं खुशाल सोडवावी. पण त्या गुणांवरून निदान होत नाही. खूप चिंता असलेल्या माणसाचेही गुण वाढू शकतात. चिंता, नैराश्य, एकाग्रतेची अडचण हे सगळं यासारखं दिसू शकतं, यासोबत असूही शकतं. ते निवडून काढायला मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जायच्या आधी एकच चौकशी करा, मोठ्या वयाच्या मुलींची स्वमग्नतेची तपासणी तिथं होते का? नसेल तर कुठं पाठवतात, हे त्यांनाच विचारा. ताटांचा प्रसंग, फोनची वही, लग्नानंतरचे दोन दिवस हे सगळं कागदावर लिहून न्या. डॉक्टरांपुढं तिला ऐनवेळी शब्द सुचणार नाहीत.

सरकारी प्रमाणपत्राचा भाग वेगळा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. त्यासाठीच्या भारतीय मोजपट्टीत 40 मुद्दे असतात आणि 70 च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत. जन्मभर झाकायला शिकलेली मुलगी तिथं कमी भरू शकते. तसं झालं तर तिचा त्रास खोटा ठरला असं तिला वाटू देऊ नकोस. आणि रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून स्वमग्नता सांगतो, औषधानं घालवतो असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ उठून या.

कधी ती जगणं नको म्हणाली तर मात्र तिला एकटी सोडू नकोस. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

निदान होईल तेव्हा होईल. मेसला गर्दी ओसरल्यावर जा, कानात घालायचे बोळे घे, बाहेर जायचं तर कोण कोण येणार हे तिला आधी सांग. यासाठी कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन ये. आमच्याकडं दुपारी टीव्ही बंद असतो, ओसरीवर सावली असते. ती बोलली नाही तरी मला चालतं. तिखट किती खाते आणि कोणत्या भाजीला हात लावत नाही, तेवढं आधी कळव.

तुझी,
बाई