मोठ्या दुकानांतून सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे का गेल्या? खप संपला म्हणून?

तुम्ही विचारलंय की दुकानांतले डिस्कचे रॅक का गेले, लोकांनी घेणं सोडलं म्हणूनच गेले का, आणि यापुढे डिस्क मिळणार की नाही. ‘स्ट्रीमिंग आलं, विषय संपला’ असं उत्तर बरेच जण देतील. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. किरकोळ विक्रीच्या धंद्यात खरेदी विभागात मी काही वर्षं काढली आहेत आणि डिस्क विकत घेणं अजूनही सोडलेलं नाही, तेव्हा उरलेलं अर्धं सांगतो.

मुळात मोठ्या दुकानांचा डिस्क हा धंदा कधी नव्हताच. गिऱ्हाइकाला आत आणण्यासाठी ठेवलेलं ते आमिष होतं.

१९९०च्या दशकातली अमेरिका घ्या. बेस्ट बाय, सर्किट सिटी ही टीव्ही-फ्रिज विकणारी प्रचंड दुकानं. त्यांनी मधली बरीचशी जागा सीडींना दिली आणि गाजणारे नवे अल्बम खरेदीच्या भावात, कधी कधी त्याहूनही कमी भावात विकायला काढले. हिशेब सरळ होता. नवा अल्बम घ्यायला आलेला माणूस जाता-येता स्पीकर बघणार, टीव्ही बघणार. दहा जणांतल्या एकाने काही मोठं घेतलं तरी सीडीवरचा तोटा भरून निघाला. तिकडे नवे अल्बम मंगळवारी बाजारात येत. म्हणजे आठवड्यातल्या एका ओसाड दिवशी दुकानात आपोआप गर्दी! जाहिरातीवर एवढा खर्च करूनही अशी गर्दी होत नाही.

यात मेली ती फक्त गाणी विकणारी दुकानं. त्यांच्याकडे तोटा भरून काढायला फ्रिज नव्हता. दशकाच्या मध्यावर वेअरहाउस, कॅमेलॉट अशा साखळ्या दिवाळखोरीत गेल्या. मग रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या आणि त्यांनी नियम काढला की ठरावीक किमतीच्या खाली जाहिरात करणाऱ्या दुकानाला जाहिरातखर्चातला आमचा वाटा मिळणार नाही. भावयुद्ध थांबलं, पण गिऱ्हाइकाला सीडी महाग पडू लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावर बोट ठेवलं आणि मे २०००मध्ये पाचही मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत सोडायचं मान्य केलं. तोवर नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी फुकट घ्यायची सोय, येऊन वर्ष होत आलं होतं. पुढे टॉवर रेकॉर्ड्स ही गाण्यांच्या दुकानांची साखळी २००४मध्ये एकदा दिवाळखोरीत गेली, २००६मध्ये पुन्हा गेली आणि अमेरिकेतली तिची दुकानं कायमची बंद झाली.

म्हणजे ज्यांचं पोट डिस्कवर होतं ती दुकानं आधी गेली, आणि ज्यांना डिस्कची फारशी पर्वा नव्हती त्यांच्या हाती विक्री राहिली. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. पुढे डिस्कने गर्दी खेचणं कमी झालं तेव्हा या दुकानांना ती धरून ठेवण्याचं काही कारणच उरलं नाही.

आता रॅकचं गणित. खरेदी विभागात तुम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: या फळीचा प्रत्येक फूट महिन्याला किती कमावतो? डिस्कची अडचण अशी की शीर्षकं हजारो, आणि बहुतेकांना उठाव जेमतेम. नवा चित्रपट पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जातो, मग त्याचा भाव घसरत जातो आणि शेवटी तो सवलतीच्या टोपलीत पडतो. वस्तू लहान, खिशात मावणारी, त्यामुळे चोरी जास्त. चोरी टाळायला प्लास्टिकच्या कुलूपबंद पेट्या, त्या उघडायला गल्ल्यावर वेळ. न खपलेला माल पुरवठादाराला परत करता येतो, पण परतीची मोजणी, बांधणी आणि हिशेब करायला माणूस लागतोच. त्याच जागेत फोनची कव्हरं टांगली की यातलं काहीच करावं लागत नाही, आणि कव्हरावरचा नफा विचारूच नका.

म्हणून रॅक एकदम जात नाही, आधी आखडतो. चार फळ्यांच्या दोन होतात. दोन फळ्यांवर फक्त गाजलेले चित्रपट ठेवता येतात, आणि नेमके तेच सगळीकडे पाहायला मिळतात. वेगळं काही शोधायला येणारा, म्हणजे डिस्कचा खरा नेमाने घेणारा माणूस, दोनदा रिकाम्या हाताने परत जातो आणि तिसऱ्यांदा घरबसल्या ऑनलाइन मागवतो. पुढच्या बैठकीत कुणीतरी आकडे दाखवून म्हणतं, बघा, खप पडला. खप पडलेला असतोच. पण त्यातला काही भाग आपल्याच कात्रीने कापलेला असतो, हे त्या तक्त्यात दिसत नाही.

एकूण खप खरंच किती कोसळला, तेही सांगायला हवं, नाहीतर मी दुकानांवर अन्याय करीन. अमेरिकेत २०००मध्ये ९४ कोटींच्या वर सीडी बाजारात गेल्या होत्या. २०२०मध्ये जेमतेम तीन कोटींवर. एवढ्या घसरणीपुढे कुठलाही खरेदी विभाग मान टाकेल. २०१८मध्ये बेस्ट बायने दुकानांतल्या सीडी काढायचं ठरवलं. त्याच सुमारास टार्गेट या दुसऱ्या मोठ्या दुकान-साखळीविषयी बातम्या आल्या की त्यांना पुरवठादारांशी करार बदलून हवा आहे: डिस्क आमच्या फळीवर राहील, पण पैसे ती गल्ल्यावर स्कॅन होईल तेव्हाच देऊ. बाहेरून ही क्षुल्लक अट वाटते. आतून बघितलं तर जोखीम सगळी बनवणाऱ्याची, दुकान फक्त जागा देणार. अशी मागणी होऊ लागली की ओळखावं, त्या मालावर दुकानाचा विश्वास उडालाय. ऑक्टोबर २०२३मध्ये बेस्ट बायने डीव्हीडी आणि ब्लू-रेही २०२४पासून विकणार नाही असं जाहीर केलं, दुकानात नाही आणि वेबसाइटवरही नाही. व्हिडिओ गेम मात्र ठेवले. त्याकडे येतोच.

हीच आमिषाची गोष्ट रेडबॉक्सची. सुपरमार्केटबाहेर उभी असलेली, चित्रपट भाड्याने देणारी ती लाल यंत्रं. रेडबॉक्स वाढली ती २००२च्या सुमारास मॅकडॉनल्ड्सच्या पैशावर. चित्रपट न्यायला एक फेरी आणि परत करायला दुसरी, म्हणजे एका भाड्यात गिऱ्हाईक दोनदा दारात. कल्पना झकास होती. २०२४मध्ये तिची मालक कंपनी बुडाली तेव्हा सुमारे २४ हजार यंत्रं ठिकठिकाणी उभी होती आणि ती हटवायची कुणी, हाच दुकानदारांपुढचा प्रश्न झाला.   

तुम्ही म्हणाल, मग त्याच मोठ्या दुकानांत विनाइलच्या तबकड्या कशा दिसतात? नेमकं याच कारणाने. बारा इंचांचं कव्हर लांबून दिसतं, भेट म्हणून देता येतं, एकाच अल्बमच्या चार रंगांच्या आवृत्त्या काढता येतात आणि ‘हा रंग फक्त आमच्याकडे’ म्हणता येतं. आमिष पुन्हा चालू लागलंय, एवढंच. २०२२मध्ये अमेरिकेत तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, साधारण ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. असं १९८७नंतर पहिल्यांदाच घडलं. ‘जुनं ते सोनं’ वगैरे लेख यावर खूप आले. मला त्यात जुन्याच्या प्रेमापेक्षा दुकानाच्या मांडणीचा हात जास्त दिसतो. उद्या या रंगीत आवृत्त्यांचा कंटाळा आला की तीच दुकानं तबकड्याही उचलतील, बघा.

माझं म्हणणं ताडून पाहायला जपान बरा. तिथे स्ट्रीमिंगही आहे, उत्तम इंटरनेटही आहे, तरी टॉवर रेकॉर्ड्सची दुकानं चालू आहेत. (मूळ अमेरिकी कंपनी बुडण्याआधीच जपानी शाखा स्वतंत्र झाली होती.) तिथे संगीताच्या सीडीला ठरावीक किरकोळ किमतीचं संरक्षण आहे. म्हणजे मोठं दुकान तीच सीडी निम्म्या भावात विकून शेजारच्या रेकॉर्डवाल्याला मारू शकत नाही. साहजिकच डिस्कवर जगणारी दुकानं टिकली. सगळं श्रेय या नियमाला देता येणार नाही. चाहत्यांना सीडीबरोबर कार्यक्रमाचं तिकीट किंवा फोटोकार्ड मिळतं आणि त्यापायी एकच जण एकाच अल्बमच्या अनेक प्रती घेतो, हेही तिथे खूप चालतं. त्यामुळे खपाचा आकडा फुगतो. पण स्ट्रीमिंग आलं की दुकान जाणारच, हा नियम नाही, एवढं तरी यातून दिसतं.

ब्रिटनमधल्या एचएमव्ही या रेकॉर्ड-डिस्कच्या दुकान-साखळीचं उदाहरणही याच अंगाचं. २०१३ आणि २०१८ अशी दोनदा ती बुडायला आली. २०१९मध्ये कॅनडातल्या सनराइज रेकॉर्ड्सच्या मालकाने ती घेतली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जुनं दुकान पुन्हा उघडलं. घेणारा माणूस रेकॉर्ड विकण्याच्याच धंद्यातला होता, हे महत्त्वाचं. आता तिथे टी-शर्ट आणि खेळणी भरपूर असतात. काही जण त्यावर नाक मुरडतात. मला तर यात गंमत वाटते: पूर्वी डिस्क फ्रिजचं दुकान चालवायची, आता टी-शर्ट डिस्कचं दुकान चालवतोय.

आता गेम. इथे प्रकार वेगळा आणि मला जास्त खटकणारा आहे, कारण खोकं फळीवर राहतं आणि आतली डिस्कच निघून जाते. एक्सबॉक्स सीरीज एस हा गेमचा कन्सोल २०२०मध्ये डिस्क ड्राइव्हशिवाय आला, प्लेस्टेशन ५ प्रो २०२४मध्ये तसाच आला, ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्या. निन्टेंडो स्विच २साठी २०२५मध्ये ‘गेम-की कार्ड’ निघालं. कार्ड खरं, पण त्यात गेम नाही, तो डाउनलोड करायचा. दुकानाला खोकं हवं असतं, कारण सणासुदीला भेट म्हणून खोकंच दिलं जातं. गेम कंपनीला डिस्क नको असते, कारण डिस्क दुसऱ्याला विकता येते आणि त्या दुसऱ्या विक्रीत कंपनीला दमडी मिळत नाही. निन्टेंडोचं कार्ड निदान पुढे विकता तरी येतं. डाउनलोडचा नुसता कोड असलेलं खोकं तेवढंही देत नाही.

पुढे विकण्याचा हा हक्क डाउनलोडला लागू पडत नाही, असंच आजवर न्यायालयांनी बहुतेक ठरवलंय. वापरलेल्या संगीत-फाइली विकणाऱ्या रीडिजीविरुद्ध अमेरिकेत २०१८मध्ये अपिलातही निकाल गेला. युरोपच्या न्यायालयाने २०१९मध्ये ई-पुस्तकांबाबत तेच सांगितलं. कॅलिफोर्नियाने निदान शब्दांची फसवणूक रोखली. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असं लिहायचं तर तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं लागतं.

तर, डिस्क यापुढे मिळणार का? मिळणार, पण वाटेत सहज दिसणार नाही. क्रायटेरियन, ॲरो यांच्यासारख्या छोट्या कंपन्या जुने चित्रपट निगुतीने दुरुस्त करून काढतात आणि जाणकार ते ऑनलाइन मागवतात. त्यांना फळीची गरज नाही, चार-पाच हजार पक्क्या गिऱ्हाइकांवरही एखादी आवृत्ती निघू शकते. चित्राचा दर्जा हे त्यांचं हुकमी पान आहे. फोर-के डिस्कवर सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती वाहते, तर फोर-के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. लहान पडद्यावर फरक कळणार नाही. मोठ्या पडद्यावर अंधारातली दृश्यं बघा.

एक गैरसमज जाता जाता. फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने ब्लू-रे बनवणं थांबवलं, अशी बातमी फिरली होती. थांबल्या त्या घरी रेकॉर्ड करण्याच्या कोऱ्या डिस्क, चित्रपटांच्या नव्हेत. खरी काळजी प्लेअरची आहे. ओप्पो २०१८मध्ये यातून बाहेर पडली, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवे प्लेअर काढणं थांबवलं. चांगला प्लेअर घ्यायचा विचार असेल तर लांबवू नका.

आणि हवा असलेला चित्रपट दिसला तर ‘भाव उतरला की घेऊ’ ही जुनी सवय सोडा. तेव्हा माल जास्त छापला जायचा म्हणून टोपलीत यायचा, आता मोजकाच छापतात आणि संपला की जुन्या बाजारात दुपटीने घ्यावा लागतो. गेम घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, डाउनलोड लागणार असेल तर तिथे लिहिलेलं असतं. जुनी डिस्क घेताना चकचकीत बाजू दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ती घेऊ नका. ओरखडे त्या मानाने बरे, बरेचसे चालून जातात. परदेशातून मागवत असाल तर साध्या ब्लू-रेला ए, बी, सी असे विभाग असतात. तुमच्या प्लेअरचा विभाग कोणता ते आधी पाहा. फोर-के डिस्कना ही अट नाही, पण त्याच खोक्यात जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेला असू शकते.